मला गायलं

अहेरो,
ऑगस्टचा पहिला सोमवार

अकेयो,

माझ्या गाण्यांच्या तबकड्यांना भंगार म्हणायचा हक्क तुला कुणी दिला? तू बसवाल्याच्या हाती पाठवलेला फोन पोचला. त्यात म्हणे हजार गाणी भरलीत. मी तो तांदळाच्या डब्यात ठेवलाय, गाऊ दे तिथं. त्यातलं गाणं नुसतं बोट लागलं की पळतं, मध्येच कुठली बाई येऊन साबण विकायला लागते, आणि गाणारा कोण, कुठला, काही कळत नाही. वर तुझी चिठ्ठी, की आजी, दर रविवारी किबुयेच्या बाजारात उन्हात वाकून भंगार निवडणं आता बंद कर. गुडघे माझे दुखतात, तुझे नाही.

बरं. तू बरी असशील. मीही आहे. शेळी व्याली, दोन झाली, एक गेलं. ओमेना मासा यंदा इतका बारीक आलाय की शिजवताना शोधावा लागतो. शेजारच्या डोर्सिलाला तिचा मुलगा किसुमूला घेऊन गेला. त्या बाजूला आता धूर दिसत नाही. ती फार बडबड करायची, बरं झालं. तुझ्या आईला नमस्कार. तुझ्या बापालाही सांग.

आता भंगाराचं ऐक, म्हणजे पुन्हा बोलणार नाहीस.

किबुयेला कास्मिल नावाचा माणूस आहे. ताडपत्री टाकून जुन्या तबकड्या विकतो. कुणाचं घर मोडलं, कुणाचा बार बंद झाला, कुणी मेलं, की तबकड्यांची पेटी त्याच्याकडे येते. पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाला, आजी, या वयात नाचणार काय? म्हटलं, तुझ्या लग्नात नाचले असते, पण तुला मुलगी कोण देणार. तेव्हापासून तो माझ्यासाठी स्टूल ठेवतो.

तबकडी उन्हात तिरपी धरून बघायची. केसासारखे ओरखडे चालतात. नख अडकलं की खाली ठेवायची, तिथं सुई उडी मारते. उन्हानं वाकडी झाली असेल तर घरी मक्याच्या पोत्याखाली दाबून ठेवायची. साबणाच्या फेसानं धुवायची, जुन्या परकराच्या तुकड्यानं टिपायची. आपल्याकडच्या छोट्या तबकड्यांचं भोक मोठं असतं, त्यात बसवायला मी तुझ्या आजोबांच्या रबरी चपलेची टाच कापली. आणि मग गाण्याआधी जी खरखर होते ना, तव्यावर मासा टाकल्यासारखी, तिच्यासाठी मी बाजार काय, नदीही ओलांडेन. तुझ्या फोनमध्ये ती खरखर पुसून टाकलीय. मासा नुसता उकडून वाढलाय.

लेबलांवर लोकांनी पेनानं नावं लिहिलेली असतात. ‘जोराम शिंपी, मुहोरोनी. हात लावाल तर बोटं झडतील.’ जोरामच्या माझ्याकडे सात-आठ आहेत, माझी बोटं शाबूत आहेत. त्याची आवड चांगली होती, फक्त मंद गाणी नको तितकी घ्यायचा. बायको सोडून गेली असावी. एकीवर नुसतं ‘परत दे’ लिहिलंय. दिली नसणार, नाहीतर माझ्याकडे कशी येईल? चर्चमधल्या मोठ्या बायकांच्या वर्गात मी अक्षरं शिकले, पण वाचायला शिकले ते या लेबलांवर. आता जोराम आणि ही सगळी मंडळी मला शेजारणीपेक्षा जास्त माहीत आहेत. संध्याकाळी त्यांच्याशी दोन शब्द होतात.

गाणं संपलं की सुई आतल्या रेघेवर टक टक करत फिरत राहते. मी ती लगेच उचलत नाही. अंगणातून कुणीतरी चालत येतंय असं वाटतं. प्लेअरचे सेल फुकट जातात, हे मला कळतं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

मी नाचण्यासाठी किंवा ऐकण्यासाठी बाजारात गेले नव्हते. मला एक तबकडी फोडायची होती. ती शोधायला गेले, आणि बाकीच्यांचा नाद लागला.

तू नैरोबीत वाढलीस, म्हणून सांगते. आपल्यात गाणं चालू असताना हात वर करून गिटार थांबवायची रीत आहे. गाणाऱ्याला काहीतरी द्यायचं, मग उभं राहून आपली बढाई मारायची, मग गाणं पुढे. तबकडीतही तसंच करत. तुझा बाप ओगोला मोठ्या शाळेला निघायचा होता. पत्र्याची पेटी घेतलेली, तिच्यावर रंगानं नाव घातलेलं. फीसाठी कालवड राखली होती, माझ्या भावानं दिलेली. तुझे आजोबा, हा अबुया, ती विकायला किसुमूला गेला. वाटेत त्याला एक गिटारवाला भेटला. तबकडी करायला निघाला होता. संध्याकाळी अबुया कालवडीशिवाय आणि पैशाशिवाय परत आला, दारात उभा राहिला, आणि एवढं हसू तोंडावर घेऊन म्हणाला, “मला गायलं.”

ओगोलानं पेटीतले कपडे काढून पिशवीत भरले. जाताना बापाला म्हणाला, “तू तुझं नाव ऐकत बस. मी माझं कमावतो.”

त्यानंतरचं तुला माहीत आहे. गिटारवाला सरहद्दीपलीकडे टांझानियात गेला, तबकड्या तिकडेच विकल्या. आमच्या दारात ती तबकडी कधी आलीच नाही. अबुयानं त्यावर पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर हातात मुसळ घेऊन विचारलं असतं. ओगोला बापाला पुरायला आला, माती टाकली, पाणीही न पिता गेला. तेव्हापासून आलेला नाही. मी त्याला बोलावलं नाही. आईनं मुलाला काय आमंत्रण द्यायचं?

तर मी ‘अबुया’ नावाचं गाणं शोधत होते. सापडलं की उंबऱ्यावर दगडानं ठेचायचं, एवढंच मनात. कास्मिलकडे ‘ओगोला’ नावाची एक तबकडी वर्षभर पडून होती. मी किती वेळा हातात घेऊन बाजूला ठेवली. ओगोला नावाची माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली. मागच्या महिन्यात दुसरं काही धड नव्हतं, म्हणून घेतली.

दुपारी मक्याच्या पिठाच्या उगालीचं पाणी चुलीवर ठेवलं आणि तबकडी लावली. गिटार बरी होती. मग गिटार थांबली, आणि कुणीतरी घसा खाकरला. दोनदा. थुंकायच्या आधी खाकरतात तसा. तो खाकर मी किती वर्षं पहाटे ऐकलाय. मी म्हटलं, बाहेर जाऊन थुंक. तोंडातून निघूनच गेलं.

तो म्हणाला, “मी ओगोलाचा बाप. माझा पोरगा इंग्रजी वाचतो तेव्हा कोंबड्यासुद्धा गप्प बसतात. आता मोठ्या शाळेला निघालाय. वाट सोडा.”

मग गिटार.

बघ अकेयो. ज्या पोराची फी, तीच देऊन त्याच पोराच्या शाळेची बढाई विकत घेतली. असला शहाणा माणूस साऱ्या न्यान्झा प्रांतात दुसरा नसेल. आणि ‘मला गायलं’ म्हणाला ते आपल्या बोलीत चुकीचं नव्हतं. मुलाला गायलं की बापालाच गायलं, पिणाऱ्यांच्या बैठकीत कुणीही हेच म्हणेल. पण आम्ही बैठकीत नव्हतो. आमची कालवड गेली होती.

उगाली करपली. तबकडी फोडली नाही. दगड उंबऱ्यावर आहे, कोंबडी त्यावर बसते.

मी ओगोलाला ‘बापाला माफ कर’ म्हणत नाही. कालवड गेली, शाळा गेली, ती गाण्यानं परत येत नाहीत. गाढवपणा तो गाढवपणाच. पण तो ज्याचा राग धरून बसलाय, ते घडलंच नाही. दुसरंच काहीतरी घडलं, आणि ते त्यानं ऐकलेलं नाही.

कास्मिल म्हणतो, हा आवाज फोनमध्ये भरून नैरोबीला पाठवता येतो. म्हटलं, हात लावलास तर जोरामचा शाप लागेल. तो आवाज कुठेही जाणार नाही. घरात दोन स्टुलं आहेत. एकावर प्लेअर असतो, एकावर मी. मी खाली बसेन, मला सवय आहे.

हे पत्र बापाला मोठ्यानं वाचून दाखव. कालवडीचं आलं की उठून जाईल, जाऊ दे, परत आला की तिथूनच पुढे वाच. येतो की नाही, एवढंच लिहायचं. नाही असेल तर नाही लिही म्हणावं, मी वाचू शकते.

तुझी आजी
रिस्पा

उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या आईनंही नाही. ओगोलानं लिहायचं, स्वतःच्या हातानं.