माझी सर्दी आणि भिकीचा सरंगा

३ फेब्रुवारी, सोमवार
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन गुरुवारी, सहा तारखेला. मला अजिबात भीती वाटत नाही. कॉन्व्हेंटमध्ये लस टोचायला डॉक्टर यायचे तेव्हा मी रांगेत पहिली असायचे. (सिस्टर बर्नाडेट हात धरून उभी करायच्या, हा भाग वेगळा.) क्लिनिकने नियमांचा कागद दिलाय. सर्दी, ताप, खोकला असल्यास येऊ नका, आदल्या दिवशी कळवा. किती शिस्तीचं! फ्रिजवर लावला.

४ फेब्रुवारी
भिकी कोळीण दारात आली. सरंगा आणला होता. आई शिकवायची, मासा घेताना त्याचा डोळा बघ. स्वच्छ असेल तर ताजा, पांढरा पडला तर शिळा. सगळ्यांचे डोळे पांढरे. तसं तोंडावर सांगितलं. म्हणाली, "बाय, आताच बोटीवरून उतरवलाय." चाळीस वर्षं ही आमच्या दारात येते. फ्रॉकमध्ये असायची तेव्हा, आईचा पदर धरून. वाईट वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

५ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळी ५.४०
एक शिंक आली. इतर पेशंटचा विचार करायला हवा. फोन करून अपॉइंटमेंट कॅन्सल केली. रिसेप्शनवरच्या रुपलने विचारलं, ताप आहे का? म्हटलं, येऊ शकतो. शाळेत असते तर कंडक्ट प्राइझ मिळालं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
उद्याची तारीख होती. घसा खवखवतोय. (तळलेले पापड, चार.) कॅन्सल. रुपल म्हणाली, "आंटी, तुमची सर्दी बुधवारचीच कशी येते?" हल्लीच्या मुलींना मॅनर्स नाहीत.

१४ फेब्रुवारी
भिकीने मांदेली आणली. शंभर मांदेली, दोनशे पांढरे डोळे. म्हटलं, भिकी, तू सुद्धा? तिने टोपली डोक्यावर घेतली. "बाय, मासा शिला नाय. तुमचा डोला शिला झालाय." गेली. आता दारात पाऊल ठेवू देणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
दोन शिंका. कॅन्सल. रुपल म्हणाली, तीनदा झालं, नाव यादीत शेवटी, आता जूनमध्ये. माझी उद्याची वेळ वेटिंगमधल्या एका गरजू बाईला दिली. ऐकून समाधान वाटलं. हे एक प्रकारचं दानच.

२४ फेब्रुवारी
दहा दिवस भिकी नाही. रोज बटाटा. फाटकाकडे कान लागलेले असतात. मी मोठ्या मनाने तिला माफ करायचं ठरवलंय. आली की सांगेन.

३ मार्च, सोमवार
आली! डोळ्याला काळा चष्मा. टोपली सुनेच्या, चंद्राच्या डोक्यावर. मी धावत गेले, तर भिकी दोन पावलं मागे. "बाय, थितंच ऱ्हा!" तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वीस तारखेला. कोण्या बायला सर्दी झाली म्हणून नंबर लागला. ती बाय कोण, ते रुपलने तिला सांगितलंच होतं. डॉक्टरांनी बजावलंय, महिनाभर सर्दीवाल्यांच्या जवळ जायचं नाही. "आनि तुमाला तर दर बुधवारी सर्दी."

म्हणजे तेव्हा तिलाही दिसत नव्हतं. माशाच्या डोळ्यावरून भांडत होतो, आणि चारांतले दोन डोळे धड नव्हते.

म्हटलं, भिकी, मला सर्दी नव्हती गं. कधीच नव्हती.
"मंग काय झालेला?"
चंद्रा हसली. भिकी नाही हसली. म्हणाली, "बाय, दुखत नाय. मुंगी चावली तेवढाच." मग फाटकाच्या खांबावर सरंगा ठेवला. "ताजा हाय. नव्या डोल्याने बघितलाय."

मी बघितला. डोळा पांढराच. तरी घेतला.

दुपारी तळून खाल्ला. इतका ताजा सरंगा कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता.

४.१५. रुपलला फोन केला. जूनमधली पहिली तारीख दे म्हटलं, कुठलाही वार चालेल. "आंटी, तब्येत बरी ना?" म्हटलं, उत्तम. तेवढ्यात शिंक आली. नाक दाबून गिळली.