दशरथाचं सुतक

श्रावणातला सोमवार, महाड. संध्याकाळ.

दुपारी माहेरी, सव गावी, पोथी ऐकायला गेले होते. दशरथाच्या मरणाचा अध्याय होता. वाचन सुरू व्हायच्या आधीच मुंबईहून आलेला भाचा दीपक मोबाइल पुढे करत म्हणाला, "आत्या, हे सगळं प्रूव्ह झालंय. ग्रहांवरून तारीखसुद्धा काढलीय." माझं डोकंच फिरलं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला मी. म्हटलं, "पोथीला पोथी राहू दे रे, तिला पुरावे कशाला चिकटवतोस?" उगाच बोलले का? चारचौघांत चेहरा उतरला त्याचा.

पण तेव्हापासून डोळ्यांपुढे आबांचं ओलं डोकं. हा अध्याय झाला की माझे वडील गरम झऱ्यावर जाऊन अंघोळ करून यायचे, घरातलं कुणी गेल्यासारखे. केसांतून पाणी निथळतंय, अंगाला गंधकाचा वास. एकदा विचारलं होतं, "आबा, दशरथ खरंच होऊन गेला?"

"ते मला काय म्हायत गो? पण आपल्या कानांनी ऐकलं ना, तो गेला म्हणून? मग अंघोळ नको?"

हसले होते मी तेव्हा.

आज अध्याय संपला, प्रसाद वाटला. दीपक फोनवर बोलत गाडीत जाऊन बसला. झऱ्याकडे कुणीच गेलं नाही. ज्याच्याकडे तारीख आहे, तोही नाही.

आणि मी? झरा पाच मिनिटांवर. मी प्रसाद खाल्ला आणि रिक्षा पकडली. आत्ता लिहिता लिहिता केसांवरून हात फिरवला. कोरडेच.