तात्यासाहेबांचं स्टेशन

३ नोव्हेंबर
पार्सल आलं. बायकोने, आशाने, खोकं उघडून खात्री केली: आत प्लास्टिकचं जर्मन रेल्वे स्टेशन, सगळं सुट्या तुकड्यांत. महिन्याभराने सासऱ्यांचं, तात्यासाहेबांचं, सहस्रचंद्रदर्शन. तोवर या जर्मन स्टेशनचं मी त्यांचं वैजापूरकडचं जुनं स्टेशन करणार, जिथे ते स्टेशनमास्तर होते. सगळ्या पाव्हण्यांना फोनवर सांगून टाकलं.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तात्यांनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. आशा म्हणते, त्यांनी जन्मात एकदाच कुणाला म्हटलं, ते सांडू पोर्टरला. कंदिलाची काच घासून लख्ख केली म्हणून. आता दुसरा नंबर माझा.

४ नोव्हेंबर, पहाटे
संकल्प: रोज दोन तास. आधी सूचना वाचणे, मगच हात लावणे.

९ नोव्हेंबर
आज सुरुवात. सूचना जर्मनमध्ये. चित्रं पुरे. मी इंजिनियर नाही, पण नोकरी इंजिनियरांच्या शेजारच्या टेबलावर काढली.
झटपट चिकटणारा गोंद वापरला. सगळ्या खिडक्यांच्या काचा पांढुरक्या झाल्या. हिवाळ्यात तिकडं धुकं असतंच. चालेल.

१४ नोव्हेंबर
जर्मनांना थंडी फार, म्हणून छतावर धुराडं. तात्यांच्या स्टेशनला धुराडं नव्हतं. कापलं. छताचा कोपराही सोबत आला.

१९ नोव्हेंबर
गुलमंडीवरून ऑइलपेंट आणि थिनर आणलं. दुकानदाराने विचारलं, दाराला पाहिजे का खिडकीला. म्हटलं, स्टेशनला. त्याने मोठा डबा काढला.
थिनरने मागची भिंत मऊ पडली आणि पोट सुटल्यासारखी पुढे आली. आशा म्हणाली, आता ही खरी तुमच्यावर गेली.

२० नोव्हेंबर
इंटरनेटवर महत्त्वाचा शोध. परदेशात मोठमोठे लोक मुद्दाम मॉडेल जुनाट, मळकं करतात. त्याला वेदरिंग म्हणतात. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून वेदरिंगच करत होतो.

२६ नोव्हेंबर
वेदरिंग जोरात. बूटपॉलिशची काजळी, हळदीच्या पाण्याची ओल, कोपऱ्यात काथाच्या पिंका. प्लॅटफॉर्मवर एक कुत्रं बसवलं.
आशा म्हणते, तात्यांच्या स्टेशनावर पिंक टाकायची कुणाची टाप नव्हती. स्टेशनला बक्षीस मिळालेली स्वच्छतेची ढाल अजून त्यांच्या टीव्हीवर आहे, तिच्यावर धूळसुद्धा बसू देत नाहीत. तिला म्हटलं, तुला वास्तववाद कळत नाही. ती म्हणाली, मला तात्या कळतात.

३ डिसेंबर, रात्री
कार्यक्रम झाला. ओवाळणी आटोपल्यावर मी वरचं फडकं काढलं. तात्यांनी चष्मा पुसून लई वेळ बघितलं. स्टेशन त्यांनी ओळखलं यात शंका नाही, कारण त्यांनी विचारलं, ड्यूटीवर कोण व्हतं. मी अभिमानाने सांगितलं, मीच.
मग म्हणाले, आधी ते कुत्रं हाकला. उपरण्याचं टोक ओलं करून कोपऱ्यातली पिंक पुसू लागले. निघेना. तरी पुसत राहिले. शेवटी आशाने त्यांना उठवून जेवायला नेलं.
स्टेशन परत आमच्याकडंच आलं. जागेअभावी असावं.

४ डिसेंबर
आशाने सकाळी तात्यांकडे फोन केला. तात्यांना रात्री झोप लागली नाही. अधिकारी अचानक आले असते तर काय तोंड दाखवलं असतं, असं म्हणत होते. तिने टेबलावर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी आणून ठेवलंय. म्हटलं, सगळं वेदरिंग जाईल, त्याचं काय? म्हणाली, सांडूनं कधी असं ईचारलं नव्हतं.
संकल्प: रोज दोन तास.
रविवारी सकाळी दहाला तात्या येणार आहेत. भेटायला नाय, इन्स्पेक्शनला, असा निरोप आहे. ढाल पिशवीत घालून आणतील. स्टेशन पास झालं तर ती त्याच्याशेजारी ठेवतील. नाहीतर परत घेऊन जातील.