पुतण्याने उमटवलेला अंगठा

श्रीवर्धन, गुरुवार, १४ डिसेंबर १९६१

अंगठा अजून ठणकतोय, तरी आज लिहायचंच. परवा पुतण्याने हात पिरगळून माझी सुपारीची वाडी त्याच्या नावे करायच्या कागदावर माझा अंगठा उमटवला. कालच का नाही गेले चौकीवर? घाबरले होते, दुसरं काय.

आज गेले, तर जमादार म्हणतो, "आजी, घरातलं भांडण घरात मिटवा." शेजारचे दामूभावजी माझ्याच वयाचे. त्यांना बांधावर काठी बसली तेव्हा याच जमादाराने उभ्या उभ्या फिर्याद लिहून घेतली होती. पुरुषाला परक्याने मारलं की गुन्हा, आणि बाईला घरच्याने मारलं की भांडण?

मागोमाग आलेला पुतण्या म्हणाला, "काकीने राजीखुशीने अंगठा दिलाय."

"मग सही का नाही घेतलीस?" मी विचारलं.

म्हातारी बाई म्हणजे अंगठाच, असं धरून चालला होता. मी चार यत्ता शिकलेय. जमादाराचा टाक उचलून दोघांसमोर पूर्ण नाव लिहिलं. जमादार कधी ते नाव बघे, कधी माझा सुजलेला अंगठा. मग पुतण्याला म्हणाला, "बस तिकडे," आणि फिर्याद लिहायला घेतली.

लिहून झाल्यावर त्याने सवयीने शाईचं पॅड माझ्यापुढे सरकवलं. मग स्वतःच मागे ओढलं आणि टाक दिला.