बिग होल नदीवरचे दोन दिवस

शॉमबर्ग,
२० सप्टेंबर १९८७

प्रिय नीला,

मी शुक्रवारी सुखरूप पोचलो. सॉल्ट लेकला विमान बदलताना तीन तास बसावं लागलं, बाकी त्रास नाही. आईने दारातच विचारलं, पोरगी जेवते का नीट? चकल्यांचा डबा तुझ्या टीमने एका दुपारी फस्त केला हे ऐकून ती खूश झाली. पुढच्या महिन्यात पार्सल येईल. तुझी मराठी वाचायची सवय सुटली असेल म्हणून अक्षर सुटं काढतोय.

खरं सांगतो, मी तुझं नदीतल्या माशांच्या नोंदींचं काम बघायला आलोच नव्हतो. सिअ‍ॅटलच्या मीटिंगनंतर दोन दिवस मोकळे होते. तुला मेडिकलबद्दल एकदा शेवटचं समजवावं, एवढाच बेत होता. विमानात मुद्देसुद्धा कागदावर लिहून काढले होते. पण तू सकाळी सातलाच मला छातीपर्यंतची रबरी पँट चढवलीस आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं केलंस. सप्टेंबरातच पाणी इतकं गार, की पायांना बोटं आहेत की नाहीत कळेना. माझी गळाची दोरी सहा-सात वेळा मागच्या झुडपांत अडकली. दर वेळी तू काही न बोलता जाऊन ती सोडवून आणलीस. तुला सायकल शिकवताना मी इतका शांत नव्हतो.

मग ती पिसांची खोटी माशी एकदाची पाण्यावर नीट बसली आणि ग्रेलिंग जातीच्या माशाने ती ओढली. मी ओरडलोच. तू मासा जाळीत घेतलास, हात ओला करून धरलास आणि त्याच्या पाठीवरचा पंख उलगडून दाखवलास. केवढा तो पंख, शिडासारखा, त्यावर निळे-गुलाबी ठिपके. आपल्या घरात कुणी कधी मासा खाल्लेला नाही, आणि मी तिथे उभा राहून ‘अरे वा, अरे वा’ करत होतो. साडेअकरा इंच. तू आकडा वहीत टिपलास, पंखाच्या मुळाशी नंबराची बारीक पट्टी टोचलीस आणि प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यात धरून ठेवलंस. इतका वेळ कशाला, असं मी विचारलं, तेव्हा म्हणालीस, “घाई केली तर उलटा पडतो, बाबा. इथे फार थोडे उरलेत.” तो शेपटी मारून गेला तरी तू वाकून बघतच होतीस. मुद्द्यांचा कागद खिशातच राहिला.

संध्याकाळी जेवायला तुझे साहेब आले. रॉबर्ट मला आवडले, भला माणूस आहे. जेवणानंतर ॲपल पाय खाता खाता ते म्हणाले, “आम्ही हिला चौऱ्याऐंशी सालीच या कामासाठी निवडलं होतं. पत्र पाठवलं, पण हिचं उत्तरच आलं नाही.” तू हसून म्हणालीस, “पोस्टात हरवलं, बाबा. माझं नशीब!” मी मान हलवली आणि आणखी कॉफी मागवली. परत येताना गाडीत तू सहज सांगितलंस, की त्या उन्हाळ्यात तू रोज पोस्टाची पेटी उघडून बघायचीस, आणि मग सबंध हिवाळा आपण कुणालाच नको आहोत असं तुला वाटायचं. म्हणूनच मी सांगितलेली मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा दिलीस. मला तो हिवाळा आठवतो. तू जेवायला खाली येत नव्हतीस. हिला कुणाला तरी दाखवू या, असं आई म्हणत होती आणि मी म्हणत होतो, अभ्यासाचं टेन्शन आहे, जाईल.

नीला, ते पत्र पोस्टात हरवलं नव्हतं. मे महिन्यात एका शनिवारी ते आलं. तू पद्मजामावशीकडे गेली होतीस. मी ते उघडलं, वाचलं. उत्तराला दोन आठवड्यांची मुदत होती. दोन आठवडे मी ते ऑफिसच्या बॅगेत घेऊन फिरलो. रोज ठरवायचो, आज देऊ. मग मुदत संपली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही तुला कळू दे. हे तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. गाडीत तू बोलत होतीस तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं, पण धीर झाला नाही. काल आईला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हीच कळवा, आणि फोनवर नको, लिहून कळवा. माफी मागतो, पण ती तू आजच्या आज द्यावीस असं मुळीच नाही. या पाकिटात दुसरा कागद आहे तो तुझा आहे. तो तुला तीन वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.

तुझाच,
बाबा