जावईबापूंना सांगायचं ते

मी, सुझॅना हापस्तिना, मयत एनोस वाम्दी यांची बायको, जमात डकोटा (कागदावर सोडलेली, अंगावरून न गेलेली), धर्म ख्रिस्ती, राहणार फ्लँड्रो गावाच्या वर नदीच्या वळणावर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या भाषेत लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती नाही. खोकल्यातून रक्त पडतं आणि डॉक्टर पहिल्या बर्फापर्यंतची भाषा करतो. कुणी मला धाक घातलेला नाही, कुणी दारू पाजून सही घेतलेली नाही. अक्षरं मला नवऱ्याने शिकवली आणि तो ती तुरुंगात शिकला, तेव्हा लिहिण्यात चुका सापडल्या तर तुरुंगवाल्यांना विचारावं.

याआधी मी असा कागद केलेला नाही. पुतण्या एझ्राकडे एखादा निघालाच, तर तो खोटा समजावा.

घर. ओंडक्यांचं राहतं घर, चूल, दोन खाटा आणि स्वयंपाकघरातली फळ्यांची भिंत हे सगळं माझी नात मार्टा हिचं. ती माझी मयत मुलगी लिदिया आणि हाल्वोर यांची मुलगी. फळ्यांची भिंत कुणी पाडू नये. ती का आहे ते कोर्टातल्या साहेबाला कळावं म्हणून लिहिते. आमच्यात सासू आणि जावई एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. जावई जेवढा चांगला, तेवढं तोंड जास्त फिरवायचं.

हाल्वोर हे नॉर्वेजियन. त्यांना हे कोण सांगणार? लग्न लागल्यावर चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर त्यांनी माझा हात धरला, खालीवर हलवला आणि थेट डोळ्यांत बघून हसले. मी शाल डोक्यावरून ओढून पाठ फिरवली. त्यांना वाटलं, म्हातारीला गोऱ्या कातडीची किळस येते. पुढे बरेच दिवस ते लिदियाला म्हणत, "तुझ्या आईने मला दारातला कुत्रा केलाय." पोरगी लाजरी, नवऱ्याला समजावून सांगायला तिला दुसरा हिवाळा उजाडला. मग मात्र त्यांनी गावातून फळ्या आणल्या आणि स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली, म्हणजे दोघांना एका चुलीवरचं गरम जेवता येईल. तेव्हापासून अंगणात शिरताना खोकतात. फोडलेलं लाकूड दाराशी ठेवून मागे न बघता जातात. आमच्या कितीतरी पोरांना एवढं जमत नाही.

गुरीने नावाची त्यांची आई एकदा इथे आली होती. हाल्वोर लहान असताना बासष्टच्या लढाईत, आमचे लोक गोऱ्यांवर उठले तेव्हा, त्यांचे वडील मारले गेले. ती बाई आत आली, बसली आणि लिदियाला म्हणाली, "सांग तिला, तुमच्या लोकांनी माझा माणूस मारला."

मी म्हटलं, "सांग, माझा भाऊ यांच्या तुरुंगात मेला आणि माझी दोन पोरं मिसूरी नदीकाठच्या छावणीत उपाशी मेली. आणि विचार, कॉफीत साखर किती."

ती म्हणाली, दोन चमचे. जाताना तिने कप धुऊन ठेवला. मी तो परत घासला. तो निळा कप तिच्याकडे पोचवावा. मी तिला माफ केलेलं नाही, तिनेही मला केलेलं नाही, पण कप तिला आवडला होता.

सामान. शिंगाच्या मुठीचं कातडं खरवडायचं हत्यार, मण्यांच्या सुया आणि गोधड्या मार्टाला. गाय मार्टाला. कुऱ्हाड जावईबापूंना, ती तशीही तेच वापरतात. एझ्राला माझी प्रार्थनेची पोथी द्यावी, उघडली तर फायदाच आहे. पैसे शोधू नयेत. फरशी उचकटायला एझ्रा येईल, त्याला येऊ द्यावं, खालची उंदरांची बिळं तेवढी बुजवून घ्यावीत.

आता जमीन. आम्ही जमातीतला हक्क सोडतो असं लिहून दिलं, तेव्हा कुठे सरकारने एनोसला ही जमीन दिली. आधी आमचीच होती, मग नव्हती, मग अर्ज केल्यावर पुन्हा झाली. एनोसने पहिलं शेत कुदळीने फोडलं, कारण बैल पुढच्या वर्षी आला. टेकडीवर एनोस आहे, लिदिया आहे आणि तिचं शेवटचं बाळ आहे, ज्याच्या पायी ती गेली. त्या दिवशी जावईबापू भिंतीच्या त्या बाजूला बसले होते, मी या बाजूला. मार्टा दोघांनाही पाणी आणून देत होती. कुणीच प्यालं नाही.

ही सगळी जमीन मार्टाची. ती सज्ञान होईपर्यंत जावईबापूंनी कसावी आणि पीक घ्यावं. विकू नये, गहाण टाकू नये, टेकडीवर नांगर घालू नये. एझ्रा म्हणतो, जमीन रक्तात राहिली पाहिजे, काकू. मार्टा माझं रक्त नाही तर काय आहे? स्वतःची जमीन त्याने दुकानदाराच्या घशात घातली, आता माझ्या जमिनीसाठी त्याला रक्त आठवलं.

पण खरा घोर जमिनीचा नाही. जावईबापूंचा भाऊ उत्तरेला कॅनडाच्या माळावर गेला आहे. तिथे म्हणे जमीन फुकट मिळते. फुकट जमीन म्हणजे कुणाची तरी, हे मला विचारावं. जावईबापूंनी गाडीला नवी चाकं बसवली आहेत आणि मार्टाला ते बरोबर नेणार. तिकडे गेली की तिच्याशी डकोटा कोण बोलणार? चार वर्षांत तिला माझं नाव नीट उच्चारता येणार नाही, आणि पुढे कुणी विचारलं तर ती म्हणेल, आई कुठलीशी होती.

पाद्रीबाबा सायमन ताते मला म्हणाले, "हापस्तिनाबाई, एकदाच बोला त्यांच्याशी. पोरीचा प्रश्न आहे. देव रागावणार नाही."

मी म्हटलं, "देवाचं सोडा. त्यांनी इतकी वर्षं पाळलं, मी मोडू?"

म्हणून इथे बोलते. हे वाचाल तेव्हा मी नसेन, मग बेअदबी होत नाही. जावईबापू, तुम्ही तिचे बाप आहात आणि कायदा तुमचा आहे, मला ठाऊक आहे. तुम्ही चांगले वागलात हेही मला ठाऊक आहे, म्हणून तर मी तुमचं तोंड कधी पाहिलं नाही. माझी माणसं एकदा बोटीतून नेली, एकदा पायी नेली. प्रत्येक वेळी नेणाऱ्याने सांगितलं, तुमच्या भल्यासाठी. तुम्ही तरी ते सांगू नका. पोरीला इथे राहू द्या, तुम्हीही राहा.

इथवर लिहून झालं होतं. परवा संध्याकाळी मी चुलीपाशी होते. भिंतीपलीकडे जावईबापू घोड्याचा साज शिवत होते. माझ्याशी बोलता येत नाही म्हणून ते चुलीशी बोलले, आमच्या भाषेत, सगळे शब्द वाकडे.

"चुली, आईंना सांग. त्या आहेत तोवर मी मार्टाला हलवणार नाही. पण त्यांच्यानंतर या जागी मला कबरींशिवाय काही दिसत नाही. त्यांना माती दिली की आम्ही निघू."

मी चुलीत एक लाकूड सारलं. दुसरं काय करणार?

रात्रभर विचार केला आणि खालचं कलम घातलं. हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचं चुकलं तरी चालेल.

दफन. मी हिवाळ्यात मेले तर गोठलेली जमीन शेकोट्या पेटवून खणू नये. मला पेटीत घालून गोठ्याच्या मागच्या खोलीत ठेवावं, थंडीत मी कुठे जात नाही. बर्फ पूर्ण वितळून टेकडीवरची माती हाताने मोकळी होईल तेव्हाच मला माती द्यावी, त्याआधी एक दिवसही नाही. तोवर मार्टा या घरात राहील. आणि टेकडीवरची माती मोकळी होते तेव्हा खालच्या शेतातलीही झालेली असते. ओली काळी जमीन समोर पडलेली असताना न पेरता गाडी जोडणारा शेतकरी मी गोऱ्यांत पाहिला नाही आणि आमच्यातही पाहिला नाही. जावईबापूंनी गहू पेरला, तर कापणीपर्यंत थांबतील. त्यापुढचं मला दिसत नाही.

या कागदाची अंमलबजावणी पाद्री सायमन ताते यांनी करावी. साक्षीला एक आमचा आणि एक गोरा घेतला आहे, म्हणजे उद्या कुणालाच म्हणता येणार नाही की दुसऱ्यांनी लिहवून घेतलं. दोघांनी मला सही करताना पाहिलं आहे.

सही: सुझॅना हापस्तिना वाम्दी

साक्षीदार: जोसेफ कांगी, शेतकरी
साक्षीदार: ओलीना ब्रेक्के, शेजारीण

ठिकाण: नदीचं वळण, फ्लँड्रो, साउथ डकोटा
तारीख: ९ नोव्हेंबर १८९९. आभाळ भरून आलं आहे.