ओल्या मातीजवळची हाक

रवि. ६ एप्रिल
देवळातून आले. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी गाठलंच. "बाई, या ईस्टरला हाक तुमच्या घरची."
ठाऊक होतं मला. भोरच्या आमच्या मंडळीचा जुना रिवाज. ईस्टरच्या पहाटे सगळे कबरस्तानात, आणि सर्वांत नव्या कबरीपाशी उभं राहून त्या घरच्यानं म्हणायचं, प्रभू उठला आहे. बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, खरोखर उठला आहे. घरच्याला रडू फुटलं तर त्याच्या वतीनं आमचे हे म्हणायचे. आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागायची.
यंदा नवी कबर यांचीच. गेल्या जुलैतली.
"बघते," म्हटलं. बघायचं काय त्यात.

बुध. ९ एप्रिल
कणीक मळताना म्हणून पाहिलं. तीन शब्द. आयुष्यभर पोरांकडून पाढे घोकून घेतले आणि मला तीन शब्द येईनात.
इथं तरी खरं लिहावं. आमची लेक एस्तेर गेली ते वर्ष. आम्ही दोघं तेव्हा पासलीच्या शाळेवर. अडीच वर्षांची पोर, ताप, ओढ्याला पाणी, एस.टी. बंद. पुढच्या ईस्टरला इथं भोरला तिच्या कबरीपाशी हाक यांनीच दिली. सगळ्या मंडळीनं उत्तर दिलं. मी नाही दिलं. तेव्हापासून दर वर्षी नुसते ओठ हलवते. यांना कळत होतं. कधी बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

शुक्र. ११ एप्रिल
पासलीचा धोंडिबा आला, यांचा विद्यार्थी. आता त्यालाच नातवंडं आहेत. दोन एस.टी. बदलून, खांद्यावर तांदळाचं पोतडं. "गुरुजी न्हाईत म्हून काय झालं, तांदूळ येनारच."
चहा पिताना म्हणाला, "बाई, तुमच्यात मेलेली मान्सं परत उठनार म्हनं. मंग गुरुजी बी?"
मी बशी पुसत बसले.
तोच पुढं बोलत राहिला. "गुरुजींनी आमची गैरहजेरी कंदी मांडलीच न्हाई बगा. लांबच्या वाडीवरची पोरं आमी. दुपार झाली तरी हजेरीपुस्तक उघडंच. म्हनायचे, वाटंत आसंल."
हे मी विसरलेच होते. तपासणीला आलेल्या साहेबांची बोलणी खाल्ली होती यांनी त्यापायी.
जाताना कबरीवर गेला. पावसात खचली होती, दोन पाट्या माती टाकून गेला म्हणे.

शुक्र. १८ एप्रिल, गुड फ्रायडे
तीन तासांची उपासना. पाठ दुखली. क्रूसाचं सगळं पटतं मला, त्यात अडचण कधीच नव्हती. अडतं ते रविवारी.

शनि. १९ एप्रिल
चुना घेऊन कबरस्तानात. यांची अजून नुसती माती, चौथरा व्हायचाय. शेजारी एस्तेरचा छोटा चौथरा, त्याला चुना दिला. हे काम यांचं. दुपारी मी डबा आणायची, चपाती, बटाट्याची भाजी, कांदा, आणि हे चुन्याच्या हातानं तसेच जेवायला बसायचे. किती भांडले असेन त्यावरून. आज हात स्वच्छ धुऊन एकटीनं खाल्लं. रडू आलं.
पाळकसाहेबांना नाही म्हणून सांगणार होते. फोन हातात घेतला, ठेवला.

रवि. २० एप्रिल, ईस्टर
पांढरी साडी, यांच्या आवडीची. शिवऱ्याहून मोगरा आणलेला होता कुणी. मेणबत्त्या. तीसेक माणसं, पाचेक जांभया.
पाळकसाहेबांनी मान हलवून खूण केली. मी मातीकडे पाहत राहिले. धोंडिबानं टाकलेली माती वेगळ्या रंगाची दिसत होती. मग आवाज आला, माझाच, चांगला मोठा.
"खरोखर उठला आहे."
हाक द्यायची होती, मी उत्तरच देऊन बसले. पुढं काय म्हणायचं कुणालाच कळेना. पाळकीणबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, आधी हाक."
"हाक मागंच झालीय," मी म्हटलं. "माझं उत्तर राहिलं होतं."
मग पाळकसाहेबांनी स्वतःच हाक दिली आणि सगळ्यांबरोबर मीही पुन्हा म्हटलं. कुत्री भुंकली नाहीत. एवढी ताकद माझ्यात कुठली.

सोम. २१ एप्रिल
कालची उकडलेली अंडी उरलीत, दोन खाल्ली.
विश्वास बसला का? नाही सांगता येत. काल म्हटलं एवढं खरं.
संध्याकाळी धोंडिबाचा फोन. "झाला का सन? उठले का गुरुजी?" थट्टा नव्हती त्यात, खरंच विचारत होता.
"वाटेत आहेत," म्हटलं.
"आन ल्हानी?"
"तीही."
"मंग बरं," म्हणाला.
फोन ठेवला. दार लावायला उठले होते, उघडंच ठेवून परत येऊन बसले.